सळईवरचा लेप: निवडण्यापासून काँक्रीट ओतेपर्यंत

स्लॅबच्या तळाला सळईच्या रेषेत सरळ चीर गेलेली दिसली आणि तिच्या कडेने तपकिरी ओघळ आला असला, की आत काय चाललंय हे कळायला यंत्र लागत नाही. लोखंड गंजलं की फुगतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या साधारण दुप्पट ते सहापट भरतं. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण मात्र फार थोडा. आतून रेटा आला की ते चिरतं, पुढे पोपडे सुटतात, सळई उघडी पडते आणि गंजण्याचा वेग आणखी वाढतो.

सळईला लेप द्यायचा असं ठरवून पहिल्यांदाच या कामात हात घालणाऱ्यांसाठी हा लेख आहे: नवे साइट इंजिनियर, सुपरवायझर, स्वतःचं बांधकाम उभं करणारे मालक. लेपाच्या प्रकारांबद्दल माहिती कुठेही मिळते. त्यामानाने हाताळणीबद्दल फार कमी लिहिलं जातं, आणि माझ्या मते खरा घोळ तिथेच होतो. लेप कारखान्यात चढतो, पण तो वाचतो की जातो हे साइटवर ठरतं. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये निवडीला जेवढी जागा दिली आहे, त्याहून जास्त उचलणं, वाकवणं, बांधणं आणि डागडुजी यांना दिली आहे.

पायरी १: गंज कोणत्या वाटेने येणार ते आधी ठरवा

चांगल्या काँक्रीटमध्ये सळई मुळात गंजत नाही. ताज्या काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच १२.५ ते १३.५ च्या आसपास असतो. एवढ्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर तयार होतो आणि तोच लोखंडाला झाकून ठेवतो. कोणताही लेप नसलेली सळई शंभर वर्षं शाबूत राहू शकते ती या थराच्या जोरावर.

हा थर दोन कारणांनी मोडतो. पहिलं कारण कार्बोनेशन. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू शिरतो, चुन्याशी संयोग पावतो आणि पीएच ९ च्या खाली आणतो. ही आघाडी पृष्ठभागाकडून आत सरकते. ती सळईपर्यंत पोहोचली की थर विरघळतो आणि सळई बऱ्याच लांबीवर सारखी गंजू लागते. दुसरं कारण क्लोराइड, म्हणजे मीठ. समुद्राचा वारा, खारं पाणी, बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ, न धुतलेली समुद्राची वाळू, मिश्रणात वापरलेलं खारं पाणी, अशा कोणत्याही वाटेने ते येतं. क्लोराइडला पीएच खाली आणावा लागत नाही. ते संरक्षक थराला ठिकठिकाणी भोकं पाडतं आणि तेवढ्याच जागी सळई खोल खात जातं. बाहेरून फारसं काही दिसत नसताना सळईचा अर्धा छेद गेलेला असू शकतो, म्हणून या दोघांत क्लोराइड जास्त घातकी.

लेपाची निवड या उत्तरावर अवलंबून आहे. कोरड्या आतल्या खोलीच्या स्लॅबला लेप देण्यात अर्थ नाही. समुद्रकाठचं बांधकाम, जेट्टी, खाऱ्या जमिनीतला पाया, सांडपाण्याच्या टाक्या, पुलाचा डेक (वाहनं जातात तो वरचा स्लॅब), सतत ओली-सुकी होणारी गच्ची आणि बाल्कनी, अशा ठिकाणी विचार जरूर करावा. ओलं आणि सुकं आलटून पालटून होणारा भाग सर्वांत धोक्याचा, कारण गंजाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. कायम पाण्याखाली बुडालेल्या भागाला ऑक्सिजन फारसा मिळत नाही, आणि भरतीच्या रेषेच्या जरा वर, जिथे लाटांचे शिंतोडे उडतात, तिथे दोन्ही भरपूर.

पायरी २: लेपाआधी कव्हर

ही पायरी ओलांडून कोणी थेट लेपावर आलं, तर मी त्याला परत इथेच आणून बसवतो. सळईच्या बाहेरच्या काँक्रीटची जाडी, म्हणजे कव्हर, ही पहिली तटबंदी. कार्बोनेशनची खोली सर्वसाधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ नीट समजून घ्या: एखाद्या काँक्रीटमध्ये ४० मिमी कव्हर पार व्हायला ६४ वर्षं लागत असतील, तर त्याच काँक्रीटमध्ये २० मिमी कव्हर १६ वर्षांत पार होतं. कव्हर निम्मं झालं की आयुष्य पाव होतं. कामगाराने सळयांच्या जाळीवर पाय देऊन ती खाली दाबली, कव्हर ब्लॉक घसरला, एवढ्यानेच ४८ वर्षं गेली.

काँक्रीटचा घट्टपणाही तितकाच मोलाचा. मिश्रणात पाणी जास्त झालं की काँक्रीट सच्छिद्र होतं. ओतताना सोपं जावं म्हणून ड्रममध्ये घातलेली एक जास्तीची बादली पुढे प्रत्येक पावसाला आत यायला वाट देते. पाणी-सिमेंट प्रमाण कमी ठेवणं, नीट कंपन देणं आणि पुरेसे दिवस पाणी मारणं या तीन गोष्टी होणार नसतील, तर लेपावरचा खर्च तिकडे वळवावा. हे मी अगदी गंभीरपणे सांगतो आहे. सच्छिद्र काँक्रीटमध्ये लेपाची सळई घातली म्हणून बांधकाम वाचत नाही.

पायरी ३: कोणता लेप

व्यवहारात तीन पर्याय समोर येतात.

इपॉक्सी पावडरचा लेप, ज्याला फ्यूजन बाँडेड इपॉक्सी म्हणतात. सळई धातूच्या बारीक कणांच्या माऱ्याने स्वच्छ करतात, साधारण २३० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि त्यावर विद्युतभारित पावडर फवारतात. पावडर तापलेल्या लोखंडावर काही सेकंदांत वितळून पसरते, घट्ट होते आणि मग पाण्याने थंड केली जाते. बहुतेक वेळा रंग हिरवा. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या ए७७५ या मानकानुसार बारीक सळयांवर लेपाची जाडी १७५ ते ३०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), जाड सळयांवर १७५ ते ४०० मायक्रॉन असावी लागते. हा लेप निव्वळ आडोसा आहे. पाणी, मीठ, ऑक्सिजन यांना तो लोखंडापर्यंत जाऊ देत नाही. जिथे तो फुटला, तिथे संरक्षण संपलं.

या लेपाचा इतिहास माहीत असणं उपयोगाचं आहे. अमेरिकेत पुलांचे डेक मिठामुळे झपाट्याने खराब होऊ लागले, तेव्हा तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये वेगवेगळ्या लेपांवर संशोधन झालं आणि १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका पुलाच्या डेकमध्ये इपॉक्सीच्या सळया पहिल्यांदा बसल्या. डेकमध्ये त्यांनी एकंदरीत चांगलं काम दिलं. फ्लोरिडा कीजमधल्या समुद्रावरच्या पुलांच्या खांबांत मात्र त्याच प्रकारच्या सळया काही वर्षांतच गंजलेल्या सापडल्या. लाँग की पुलावर हे १९८६ मध्ये लक्षात आलं, पूल बांधून दहा वर्षंही झाली नव्हती. उबदार खारं पाणी, शिंतोड्यांचा पट्टा, वाकवताना सैल झालेला लेप आणि हाताळणीतले ओरखडे, हे सगळं तिथे एकत्र आलं होतं. पायरी ५ वाचताना हे पूल डोळ्यासमोर ठेवा.

जस्ताचा लेप, म्हणजे गॅल्व्हनायझिंग. स्वच्छ केलेली सळई सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. जस्त आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचे थर तयार होतात आणि सर्वांत वर शुद्ध जस्त राहतं. लेप सळईच्या धातूशी एकजीव झालेला असतो, त्यामुळे रंगासारखा सोलून निघत नाही. एएसटीएम ए७६७ मध्ये वजनानुसार दोन वर्ग आहेत. हलक्या वर्गात चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त, म्हणजे साधारण ८५ मायक्रॉन जाडी. जस्ताचं वैशिष्ट्य असं की तो आडोसाही आहे आणि बळीही. ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी शेजारचं जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. कार्बोनेट झालेल्या काँक्रीटमध्ये ते लोखंडापेक्षा खूप चांगलं टिकतं, क्लोराइडही लोखंडापेक्षा जास्त सोसतं, पण अमर्याद नाही. ताज्या, फार तीव्र अल्कधर्मी काँक्रीटमध्ये सुरुवातीला थोडं जस्त विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. पुढे जस्तावर कॅल्शियमयुक्त संरक्षक थर बसतो आणि ही क्रिया थांबते. पीएच १३.३ च्या वर गेला तर हा थर नीट बसत नाही, म्हणून जास्त अल्कली असलेलं सिमेंट असेल तर आधी चौकशी करा.

तिसरा पर्याय सिमेंट आणि पॉलिमर मिसळून केलेला लेप. तो साइटवरही लावता येतो, सळया वाकवून झाल्यावर ब्रशने किंवा बुडवून. सिमेंट असल्यामुळे तो सळईभोवतीचा अल्कधर्मीपणा राखतो आणि काँक्रीटला चांगला धरतो. त्याची सगळी भिस्त मात्र सळई किती स्वच्छ केली आणि लेप किती सारखा लागला यावर. घाईत, गंजावरच फिरवलेला हात काही कामाचा नाही. नव्या मोठ्या कामात तो मला दुय्यम वाटतो. जुन्या बांधकामाच्या डागडुजीत त्याचं महत्त्व मोठं आहे, तिकडे पुढे येऊच.

माझा कल विचाराल तर असा: साइटवरची शिस्त खात्रीची नसेल, तर इपॉक्सीपेक्षा जस्त. जस्त ओरखडा माफ करतं, इपॉक्सी करत नाही. जिथे मीठ फार आहे, देखरेख कडक आहे आणि सळया बव्हंशी सरळ आहेत, उदाहरणार्थ पुलाचा डेक, तिथे इपॉक्सी चांगलं काम करतं. जस्तावर इपॉक्सी असा दुहेरी लेपही मिळतो. आणि समुद्रातल्या खांबासारख्या ठिकाणी, जिथे पुढे दुरुस्ती जवळपास अशक्य आहे, तिथे स्टेनलेस स्टीलच्या सळईचा हिशेब एकदा तरी मांडून बघावा.

काय लावू नये हेही इथेच सांगतो. रेड ऑक्साइड, तेलाचा रंग, डांबर, जुनं इंजिन ऑइल, डिझेल यांतलं काहीही सळईला लावू नका. तेलाच्या रंगाचा काँक्रीटच्या अल्कलीमुळे साबण होतो आणि तो सुटतो. तेल आणि डांबर सळई आणि काँक्रीट यांची पकड घालवतात, आणि पकड गेली की सळई आत असून नसल्यासारखी. ताज्या बांधकामातल्या बाहेर राहिलेल्या सळयांवर सिमेंटचं पाणी फासतात, तो तात्पुरता उपाय आहे. त्याला लेप समजू नका.

पायरी ४: डिझाइन करणाऱ्याला आधी सांगा

ही पायरी साइटवरचे लोक विसरतात. इपॉक्सीचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने काँक्रीटची पकड कमी होते. म्हणून लॅप (दोन सळया एकमेकींशेजारी ठेवून जोडतात तो भाग) आणि अँकरेज (सळई काँक्रीटमध्ये धरून ठेवणारा भाग) यांची लांबी वाढवावी लागते. अमेरिकी एसीआय ३१८ संहितेत कव्हर सळईच्या व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी असेल किंवा दोन सळयांमधलं मोकळं अंतर व्यासाच्या सहापटीपेक्षा कमी असेल, तर विकास लांबी (सळईला पूर्ण पकड मिळायला लागणारी लांबी) १.५ पट करायला सांगितली आहे, इतर वेळी १.२ पट. साध्या सळईसाठी काढलेल्या ड्रॉइंगमध्ये नुसता शब्द बदलून इपॉक्सीची सळई टाकली, तर बांधकाम गंजापासून वाचेल पण लॅपमध्ये कमजोर राहील. जस्ताच्या सळईची पकड साध्या सळईच्या जवळपास असते, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

दुसरी गोष्ट, लेपाच्या आणि उघड्या सळया एकाच बांधकामात मिसळायच्या का? शक्यतो नाही. वरची जाळी लेपाची, खालची साधी, आणि दोन्ही तारेने किंवा चेअरने (जाळी उचलून धरणाऱ्या आधाराने) एकमेकांना चिकटलेल्या, अशी मांडणी केली की खालचं उघडं लोखंड मोठा कॅथोड (गंजाच्या विद्युत क्रियेतली न झिजणारी बाजू) होतं आणि वरच्या लेपातली बारीकशी जखम छोटा ॲनोड (झिजणारी बाजू). मोठ्या कॅथोडच्या जोरावर त्या एवढ्याशा ठिकाणी गंज खोल जातो. जस्ताच्या बाबतीत उलटा प्रकार होतो: उघड्या लोखंडाला वाचवण्यात जस्त अकाली संपतं. मिसळावंच लागलं तर दोन्ही जाळ्या प्लास्टिकच्या चेअरवर, एकमेकींना न टेकता ठेवा.

पायरी ५: माल उतरवण्यापासून बांधणीपर्यंत

इथे सावकाश वाचा.

गाडी आली की आधी कागद बघा. कोणत्या मानकाचा लेप, जाडी किती मोजली, वाकवण्याची चाचणी झाली का, लेपातली न दिसणारी छिद्रं किती सापडली. ही छिद्रं ओल्या स्पंजच्या यंत्राने, ६७.५ व्होल्टवर शोधतात. ए७७५ नुसार सरासरी मीटरला तीनपेक्षा जास्त छिद्रं चालत नाहीत. मग तुमची स्वतःची तपासणी: चुंबकीय जाडीमापक घेऊन दहा-बारा सळयांवर, टोकाला, मध्यावर आणि सळईच्या अंगावरच्या दोन उंचवट्यांच्या मधल्या भागात जाडी मोजा. उंचवट्याच्या मुळाशी लेप पातळ राहायची शक्यता असते. धारदार चाकूने लेपावर फुली मारून टोकाने उचकटून बघा. चांगला लेप तुकड्या-तुकड्याने, कष्टाने निघतो. सालपटासारखा उलगडला, तर तो माल उतरवूच नका.

उतरवताना लोखंडी साखळी किंवा वायर रोप थेट सळयांना लावू नये. नायलॉनचे पट्टे वापरा. लांब बंडल दोन ठिकाणी उचललं की मधे झोळ येतो आणि सळया एकमेकींवर घासतात, म्हणून स्प्रेडर बीम लावून अनेक ठिकाणी आधार द्या. मी सुरुवातीला पाहिलेल्या एका कामावर इपॉक्सीच्या सळया नेहमीच्या सवयीने गाडीतून खाली टाकल्या आणि दोघांनी टोक धरून खडीवरून ओढत नेल्या. संध्याकाळपर्यंत हिरव्या सळयांवर चंदेरी रेघा उमटल्या होत्या. फिटरचा त्यात दोष नव्हता, त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून लेपाची गाडी येण्याआधी मी बांधणीवाल्यांना एकत्र बसवून अर्धा तास बोलतो, एक तुकडा हातात देतो आणि सळई खिळ्याने खरवडून दाखवतो. लेप किती सहज जातो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सांगावं लागत नाही.

साठवताना लाकडी ओंडक्यांवर, जमिनीपासून वर. इपॉक्सी उन्हातल्या अतिनील किरणांनी खराब होतं, म्हणून महिना-दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहणार असेल तर अपारदर्शक ताडपत्रीने झाका, पण हवा खेळती ठेवा, नाहीतर आत बाष्प धरतं. जस्ताच्या सळयांना ऊन चालतं, पण पावसाचं पाणी साचलेल्या गठ्ठ्यात त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. जरासा उतार द्या म्हणजे पाणी निथळेल.

कापणं आणि वाकवणं. गॅस कटरने कापू नका: ज्योतीने लेप दूरपर्यंत जळतो, आणि जस्त जाळल्यावर निघणारा धूर छातीत गेला तर थंडी-ताप भरतो. करवतीने किंवा शिअर मशीनने कापा आणि प्रत्येक कापलेलं टोक त्याच दिवशी डागडुजीच्या इपॉक्सीने किंवा जस्ताच्या रंगाने बंद करा. वाकवण्याच्या मशीनच्या खुंट्यांवर आणि रोलरवर नायलॉनचं आवरण चढवा. सावकाश, एका गतीने वाकवा, फार थंड सळईला झटका देऊ नका. वाकवून झाल्यावर बाकाच्या बाहेरच्या बाजूला केसासारख्या चिरा पडल्या आहेत का ते भिंग घेऊन बघा. लेप तिथे सर्वांत जास्त ताणला जातो. जस्ताच्या लेपात सळई वाकवून मग जस्तात बुडवायची असेल, तर बाकाची त्रिज्या मोठी ठेवावी लागते. फार आखूड वाकवलेली सळई जस्ताच्या उष्णतेने ठिसूळ होऊ शकते. मानकात व्यासानुसार त्याचे आकडे दिलेले आहेत, ते पाहूनच ऑर्डर द्या.

बांधणीला साधी काळी तार चालत नाही. इपॉक्सीला प्लास्टिकचं किंवा इपॉक्सीचं आवरण असलेली तार, जस्ताला जस्ताची तार. चेअर आणि कव्हर ब्लॉकही तसेच, प्लास्टिकचे किंवा सिमेंटचे. पक्कडीने पिळ देताना तिचं तोंड सळईवर घसरू देऊ नका. वेल्डिंग टाळा.

पायरी ६: जखमा शोधा आणि भरा

कितीही काळजी घेतली तरी ओरखडे पडतातच. दिसणारी प्रत्येक जखम भरायची, लहान-मोठी असा भेद करायचा नाही. एएसटीएम डी३९६३ मध्ये साइटवरच्या नुकसानीची मर्यादा दिली आहे: सळईच्या कोणत्याही ३०० मिमी लांबीत लेपाचा २ टक्क्यांहून जास्त भाग गेला असेल, तर ती सळई नाकारायची. २ टक्के म्हणजे किती हे नुसतं डोळ्यांना कळत नाही, म्हणून हिशेब करून घ्या. १६ मिमी सळईच्या ३०० मिमी लांबीचा पृष्ठभाग साधारण १५,००० चौरस मिमी. त्याचे २ टक्के म्हणजे ३०० चौरस मिमी, ढोबळमानाने १५ मिमी बाय २० मिमीचा एक तुकडा. तेवढ्या मापाचं पुठ्ठ्याचं चौकट कापून खिशात ठेवा.

भरताना आधी सुटलेला लेप आणि गंज काढा, कडा सँडपेपरने घासून निमुळत्या करा, धूळ पुसा, मग दोन डब्यांचं इपॉक्सी सांगितलेल्या प्रमाणातच मिसळा. अंदाजाने मिसळलेलं चिकट राहतं. हातमोजे घाला, इपॉक्सीच्या घटकांनी कातडीला कायमची ॲलर्जी होऊ शकते. ठिगळ जखमेच्या बाहेर थोडं पसरू द्या आणि ते वाळल्याशिवाय काँक्रीट ओतू नका. जस्ताच्या सळईवर जस्ताचं प्रमाण भरपूर असलेला रंग लावायचा. नुसत्या चंदेरी, ॲल्युमिनियमच्या रंगाने रूप सारखं दिसतं, संरक्षण मिळत नाही.

पायरी ७: ओतण्याचा दिवस

काँक्रीट ओतायच्या आधी एक फेरी नुसत्या लेपासाठी मारा. कव्हर वेगळ्या फेरीत बघा, दोन्ही एकदम बघायला गेलं की दोन्ही अर्धवट होतं. बांधलेल्या जाळीवरून चालायला फळ्या टाका. व्हायब्रेटरची लोखंडी सुई सळईला लागली की क्षणात लेप उडवते आणि ते कुणालाच दिसत नाही, कारण तोवर ती जागा काँक्रीटखाली गेलेली असते. सुईला रबराची टोपी मिळते, ती घाला. काँक्रीट फार उंचावरून सोडू नका, खडीचा मारा सळईवर बसतो.

पुढच्या मजल्यासाठी किंवा पुढच्या भागासाठी बाहेर सोडलेल्या सळया विसरू नका. काम थांबलं तर त्या महिनोन्‌महिने उन्हापावसात उभ्या राहतात. इपॉक्सी असेल तर झाका. साध्या सळईवर आलेला हलका, घट्ट गंज ब्रशने घासून चालतो, पण खड्डे पडायला लागले असतील तर व्यास मोजून मगच वापरा. आणि काँक्रीट ज्या जागी सळईभोवती संपतं, तिथे पाणी साचणार नाही असा उतार द्या.

जुन्या बांधकामात सळई उघडी पडली असेल तर

इथे कारखान्याचा लेप नाही, तुमचा ब्रश आहे. पहिली चूक सगळीकडे दिसते ती अशी: पोपडा काढायचा, समोर दिसणाऱ्या सळईला रंग फासायचा, वरून मॉर्टर थापायचं. मागची बाजू तशीच गंजलेली राहते. सळईच्या मागे निदान २० ते २५ मिमी पोकळी होईल एवढं काँक्रीट फोडा, म्हणजे ब्रश आणि बोटं आत जातील. लांबीच्या दिशेनेही गंज संपल्यावर आणखी निदान ५० मिमी स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत पुढे जा. फोडण्याआधी आधार द्यायला हवा का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरने सांगितल्याशिवाय खांबाला किंवा बीमला हात लावू नका. सळईचा व्यास किती उरला तेही त्यालाच मोजू द्या, जास्तीची सळई लागेल की नाही हे त्यावर ठरतं.

सळई चकचकीत लोखंड दिसेपर्यंत साफ करा. वायर ब्रशने हे क्वचितच होतं. खड्ड्यांमध्ये मीठ अडकलेलं असतं आणि त्यावर लेप दिला तर तो आतून उचलला जातो. वाळूचा किंवा ग्रिटचा मारा उत्तम, तो शक्य नसेल तर सुयांचं मशीन आणि त्यानंतर गोड्या पाण्याने जोरात धुणं. मागची बाजू बघायला छोटा आरसा जवळ ठेवा. सळई ओलसर असताना लेप देऊ नका: तिचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारं दव धरलेलं असतं. साफ केल्यावर काही तासांतच लेप चढवा, दुसऱ्या दिवसावर ठेवलं तर पुन्हा लाली येते.

डागडुजीत मी जस्तयुक्त प्रायमर किंवा सिमेंट-पॉलिमर लेप पसंत करतो, दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा. दोन हातांमधली आणि मॉर्टर लावण्याआधीची वेळ डब्यावर लिहिलेली असते. काही लेपांवर मॉर्टर ओलसरपणी लावायचं असतं, काहींवर पूर्ण वाळल्यावर, त्यामुळे वाचल्याशिवाय सुरू करू नका.

आणि एक धोका, जो नवख्यांना नेहमी चकवतो. मिठामुळे गंजणारी जागा ॲनोड असते, आणि ती झिजताना आजूबाजूच्या सळईला नकळत वाचवत असते. तुम्ही ती जागा उत्तम दुरुस्त केलीत की हे संरक्षण थांबतं, आणि शेजारच्या काँक्रीटमध्ये मीठ भरपूर असेल तर ठिगळाच्या कडेलाच नवा गंज सुरू होतो. अशा बांधकामात शेजारच्या भागातलं क्लोराइड तपासून घ्या, आणि ते जास्त निघालं तर ठिगळाच्या कडेने सळईला जस्ताचे छोटे ॲनोड बांधा. ॲनोड बांधायच्या जागी सळईवर लेप ठेवू नका, धातूला धातू लागला पाहिजे. मॉर्टरला पुरेसे दिवस पाणी मारा, आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर ठिगळाच्या चारही बाजूंना हातभर अंतरापर्यंत हलक्या हातोडीने टकटक करा. पोकळ आवाज आला की तिथे खडूने खूण करून तारीख लिहा.